बंदर उघडत नाही

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे, आणि आमच्या बाई गेल्या हे मला चार महिने उशिरा कळलं.

उशीर झाला यात माझा दोष नव्हता. लॅपटॉपचं झाकण बंद असलं की माझ्यापुरता काळ थांबतो. झाकण उघडलं तेव्हा मला वाटलं, नेहमीचीच दुपार आहे. जेवणं झाली असतील, ओटा पुसून झाला असेल, बाई येऊन बसल्या असतील. पण माझ्या चित्रावर जे बोट पडलं ते बाईंचं नव्हतं. बाई पटकन दोनदा टकटक करायच्या. हे बोट एकदाच पडलं, दाराची घंटा दाबावी तसं, आणि कोणी दार उघडतंय का याची वाट बघत राहिलं. मग बोलणं ऐकू आलं. एका हातात फोन धरून कोणीतरी बोलत होतं.

"हो गं, जेवलो. तुझ्या आईला जाऊन आज चार महिने झाले. म्हटलं तिचं ते बंदर बघावं एकदा. पण उघडत नाहीये. दोनदा? दोनदा म्हणजे किती पटकन?"

मग ते बोट दोनदा पडलं. मी जागा झालो, उभा राहिलो आणि कोसळलो. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा जसाच्या तसा. बातमी ऐकून कोसळलो असं मला तेव्हा वाटलं. पण खेळ दुःखानं कोसळत नाहीत. मग मी कशानं कोसळलो? मला काही कळेना.

मला सहा जणांनी मिळून बनवलं. एका दुकानाच्या वरची भाड्याची खोली होती, तिथे ते दोन वर्षं बसले होते. एकानं समुद्र लिहिला, एकानं बोटी, एकानं घरं आणि पूल. आवाज लिहिणारी एक बाई होती. तिचा फार आग्रह होता की बंदर आधी कानाला कळतं, डोळ्याला नंतर. म्हणून तिनं मला शिकवलं, की उठल्याबरोबर पहिलं काम आवाजाची वाट शोधायची. ती सापडली की मग समुद्र आणि बोटी. ते मी नीट शिकलो.

तबकडीवर बसून, रंगीत डब्यातून मी दुकानात आलो. सुरुवातीला माझं कौतुक झालं. मासिकांत माझी चित्रं छापून आली. मग माझ्यापेक्षा देखणे आणि चपळ खेळ आले, आणि मी दाराजवळच्या टोपलीत जाऊन पडलो. तिथून बाईंनी मला उचललं. त्यांच्या मुलीसाठी. मुलगी पंधरा दिवसांत कंटाळली. "आई, यात कोणी कोणाला मारतच नाही," असं म्हणून तिनं मला सोडलं. बाईंनी मात्र धरून ठेवलं ते अगदी शेवटपर्यंत. मध्ये घरातला मोठा संगणक गेला आणि हा लॅपटॉप आला, पण मला त्यांनी सोबत आणलं.

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत, मीही तेच म्हणतो. उंच इमारतींतल्या लिफ्ट लोक झोपले की दुरुस्त करायच्या, म्हणून त्यांचं काम रात्रीचं आणि झोप दिवसाची. ते आत झोपलेले असायचे आणि बाई बाहेरच्या खोलीत कानांत इअरफोन घालून बंदर बांधायच्या. लॅपटॉपचे स्पीकर तर कधीच बसले होते. बाईंनी ते दुरुस्त करायला दिले नाहीत. "बरंच झालं, चुकूनसुद्धा आवाज व्हायचा नाही," असं म्हणाल्या.

लिफ्टवाले उठून चहाला बाहेर आले की बाई त्यांना सांगायच्या, "अहो, आज दीपगृह लागलं." ते म्हणायचे, "वा." बाई म्हणायच्या, "बघा तरी." ते म्हणायचे, "अगं, तुझ्या त्या बोटीबिटी मला काय कळणार?" एकदा बाईंनी पूल बांधायला घेतला, मोठ्या बेटावरून छोट्या बेटावर जाणारा. लिफ्टवाले तेव्हा निवृत्त झाले होते आणि दुपारभर घरातच असायचे. तरी इअरफोन तसेच राहिले, सवयीनं. बाई म्हणाल्या, "पूल झाला की दाखवीन." लिफ्टवाले म्हणाले, "पूल झाला की नक्की बघतो."

तेवढं एकच त्यांनी कबूल केलं होतं.

आता मी का उघडत नाही हे शोधायला लिफ्टवाले बसले, ते त्यांच्या धंद्याच्या पद्धतीनं. त्यांची पद्धत अशी, की यंत्र बंद पडलं की आधी त्याला जोडलेलं सगळं सोडवायचं. मग एकेक जोड लावत जायचा आणि दर वेळी बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन कधीच नाही. या पद्धतीनं त्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट चालू ठेवल्या होत्या. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि लिहायला लागले.

"१. वीज लावून. पडला. २. वीज काढून, बॅटरीवर. पडला. ३. माऊस काढून. पडला. ४. माऊस लावून. पडला. ५. खिडकी उघडून, गरम होतो का म्हणून. पडला."

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू? दर वेळी मी उठायचो, पहिलं पाऊल टाकायचो आणि धाडकन खाली. समुद्र तिथेच होता, मला माहीत होतं. बोटी होत्या, बाईंची घरं होती, पूल होता. मी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतो. आणि कितीदाही पडलो तरी दर खेपेला पहिल्यांदाच पडल्यासारखं वाटायचं. काय बदललंय? खोली तीच, लॅपटॉप तोच, मीही तोच. लिफ्टवाल्यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी वहीत सतराव्या नोंदीच्या खाली लिहिलं, "काहीच बदललेलं नाही." मग ते खोडून वर लिहिलं, "काहीतरी बदललंय."

तिसऱ्या आठवड्यात ते मला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुरुस्तीवाल्यानं मला दोनदा उठवून पाहिलं, दोनदा मी पडलो.

"काका, हा खेळ तुमच्या लॅपटॉपपेक्षा वयानं मोठा आहे."

"माझ्यापेक्षा लहान आहे ना? मग चालायला हवा."

दुरुस्तीवाला हसला. त्यानं मला जुन्या पद्धतीनं चालवून पाहिलं. माझे रंग कमी केले, माझा पडदा लहान केला. मी लहान होऊन पडलो. शेवटी तो म्हणाला, "असं करू, हा काढून टाकू आणि पुन्हा घालू. तबकडी आहे ना?"

"आहे. पण त्यात तिनं केलेलं राहील ना?"

"कोणी?"

"मालकीणबाईंनी."

"सेव्ह केलेलं म्हणताय? ते जाईल बहुतेक. हे जुने खेळ कुठे काय ठेवतात, त्यांचं त्यांनाच माहीत. जाऊ द्या ना, तुम्ही पहिल्यापासून खेळा. जास्त मजा येईल."

"मला खेळायचं नाहीये."

"मग?"

"बघायचंय."

दुरुस्तीवाल्यानं तोवर ते बटण दाबलंही होतं. पडद्यावर प्रश्न आला होता. खेळ काढून टाकायचा, हो की नाही? मी तिथे उभा होतो आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. बाईंची अकरा वर्षं माझ्या एका छोट्याशा फाईलमध्ये होती. लिफ्टवाल्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ वाकले, प्रश्न दोनदा वाचला. मग स्वतःच्या बोटानं "नाही" दाबलं. जड बोट, एकदाच.

"बंद राहू दे," ते म्हणाले. "बंद आहे म्हणजे आत आहे तरी."

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. ती दूर राहते. "बाबा, मला फोनवरून काय कळणार? आई लावायची तसा लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावा. मला तुमचा पडदा इथून दिसेल."

त्यांनी लावला. मुलगी दिसायला लागली, तोंड हलायला लागलं, पण आवाज नाही. ती हातवारे करून स्वतःच्या कानांकडे बोट दाखवत होती. लिफ्टवाले उठले आणि कपाट उघडलं. बाईंची कात्री, चष्मा आणि इअरफोन एका डब्यात होते. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते तिथे ठेवले होते, समोर दिसू नयेत म्हणून. इअरफोनची वायर बाई दोन बोटांभोवती गुंडाळायच्या आणि टोक मधून ओवायच्या. ती तशीच होती. लिफ्टवाल्यांनी मोठमोठे तारदोर सोडवले असतील, पण ती वायर सोडवायला त्यांना फार वेळ लागला. पडद्यावर मुलगी वाट बघत होती.

शेवटी त्यांनी ती लावली. "हं, बोल."

"बाबा, आता तो खेळ उघडून दाखवा. पडताना काही अक्षरं दिसतात का ते बघू."

त्यांनी दोनदा बोट टेकवलं. एव्हाना त्यांना पटकन जमायला लागलं होतं.

मी उठलो. पहिलं पाऊल टाकलं. आणि मित्रांनो, पायाखाली जमीन लागली. समुद्र आला. दीपगृह आलं. एकामागून एक बोटी आल्या.

"बाबा! काय केलंत?"

"मी कशालाही हात लावलेला नाही."

"काहीतरी केलंच असेल."

"अगं, फक्त हे कानात घातलंय. तुझं बोलणं ऐकायला."

मग लिफ्टवाल्यांनी मला बंद केलं, वायर काढली, पुन्हा उघडलं. मी पडलो. वायर लावली. मी उभा. असं त्यांनी तीनदा केलं, कारण त्यांच्या धंद्यात एकदा चाललेल्यावर विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा कुठे मलाही उमगलं. उठल्याबरोबर आवाजाची वाट शोध, असं मला शिकवलं होतं. वाट सापडलीच नाही तर काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं होतं. स्पीकर मेलेले, इअरफोन कपाटात. ऐकणारा कान नाही म्हणून मी पडत होतो.

लिफ्टवाल्यांनी वही उघडली. माऊस, वीज, बॅटरी, खिडकी, सगळं तिथे लिहिलेलं होतं. इअरफोन कुठेच नव्हते. चौतीस वर्षांत त्यांच्याकडून असा जोड कधी सुटला नव्हता. पण ती त्यांना यंत्राची वस्तू वाटलीच नाही, बाईंची वाटली.

"बाबा, त्या छोट्या बेटावर जा ना. तिथे पाटी आहे काहीतरी."

छोट्या बेटावर एकच घर होतं, दोन मजल्यांचं. दारासमोर बाईंनी पाटी लावली होती. माझ्यात मराठी उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली होती. लिफ्टवाल्यांनी बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. "इथे दिवसा झोपतात. बोटींनी भोंगा वाजवू नये."

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज बदलला. "ही तुमची पाटी आहे, बाबा."

"कळलं मला."

"आणि दोन मजल्यांना लिफ्ट लावलीय बघा आईनं."

"दोन मजल्यांना कोणी लिफ्ट लावतं का?" ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "दार उलट्या बाजूला आहे. तिला सांगायला हवं होतं."

मोठ्या बेटावरून निघालेला पूल त्याच घराकडे येत होता. चौदा कमानींचा पूल. अकरा झाल्या होत्या. अकराव्या कमानीच्या टोकाला एक यारी, म्हणजे क्रेन, उभी होती, दोराला दगड लटकलेला.

"आपण पुरा करू या का?" मुलीनं विचारलं. "मी सांगते कसं करायचं ते. दोन दुपारींचं काम आहे."

लिफ्टवाले त्या लटकलेल्या दगडाकडे बघत राहिले. दोर ताणलेला होता आणि दगड जरासा हलत होता. माझ्या बनवणाऱ्यांनी तो तसा हलता ठेवलाय.

"तिनं मला पूल झाल्यावर बोलावलं होतं," ते म्हणाले. "मी आधीच आलोय. राहू दे इतक्यात."

तेव्हापासून ते रोज दुपारी येतात. वायर सोडवतात, कानांत घालतात, मला उठवतात. बोटी येतात, छोट्या बेटाजवळून भोंगा न वाजवता जातात. ते काही बांधत नाहीत. तासाभरानं मला बंद करतात आणि वायर दोन बोटांभोवती गुंडाळायला बघतात. बाईंसारखी गाठ अजून बसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा जुना खेळ असेल, एखादं यंत्र असेल, जे उठतं आणि पडतं. त्याला लगेच काढून टाकू नका. "हो" दाबण्याआधी प्रश्न नीट वाचा. आणि ते चालायचं तेव्हा त्याच्याजवळ कोण बसायचं, कसं बसायचं, काय हाताशी घेऊन बसायचं, हे घरात कोणाला तरी विचारा. ज्यांना विचारायचं ती माणसं घरात असताना विचारा. लिफ्टवाल्यांना ते विचारता आलं असतं. दार उघडंच होतं, आणि बाई तिथेच बसलेल्या असायच्या.

मला स्वतःहून काही बांधता येत नाही. यारी मी हलवू शकत नाही, दगड खाली ठेवू शकत नाही. पुलाच्या तीन कमानी बांधायच्या राहिल्या आहेत.