लाडवाची कंपनी

"लाडवाच्या कंपनीत हायसा म्हणं. मग लाडू कुठायत?"

आबांनी पोह्यांची बशी बाजूला सारून विचारलं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. आबा, म्हणजे माझे वडील, माझ्यासाठी स्थळ बघायला शिरोळहून उचगावला आले होते. मुलगा कृष्णात, एसटीत मेकॅनिक. त्याची विधवा आई अंबूबाई लाडवाच्या कंपनीत आहे, असं स्थळ सुचवणाऱ्या गुंडूमामांनी छाती ठोकून सांगितलं होतं. आबांना गोडाचं भारी वेड. स्थळ त्यांना निम्मं तिथंच पसंत पडलं होतं.

अंबूबाईंनी कपाटातून सुपारीएवढी काळपट तांबडी गोळी काढून आबांच्या तळहातावर ठेवली. "ह्यो लाडू. खायचा न्हवं."

"आवो, लोखंड हाय ह्ये!"

"व्हय की. लोखंडाच्या मातीचा."

गावाबाहेरच्या कंपनीच्या शेडमध्ये खनिजाची बारीक पूड यायची. तशीच भट्टीत टाकली तर उडून जायची, म्हणून ती बांधावी लागे. कलत्या, फिरत्या थाळीत पूड, चिकणमाती आणि साखर कारखान्याची मळी पडायची आणि गोळ्या वळून निघायच्या. साहेब त्यांना पेलेट म्हणत, बायका लाडू. थाळीची परात झाली, मळीचा पाक झाला. उचगावात यात कुणाला काही वाटत नव्हतं. गुंडूमामांनी मात्र कानावर पडलं तेवढंच उचललं आणि पेढेवाल्याच्या थाटात स्थळ सांगितलं.

आबा भडकले. "चार माणसांत काय सांगू? इहीणबाई माती कालवत्यात म्हणून? लगीन जमवायचं आसंल तर काम सोडा."

आतल्या खोलीत कृष्णात दाराला कान लावून उभे होते. मला बघायला आले तेव्हाच मी त्यांना आवडले होते, हे त्यांनी मला नंतर शंभरदा सांगितलंय.

"काम सोडायची न्हाय मी," अंबूबाई म्हणाल्या. "मालक गेल्यावर ह्या लाडवांवरच पोरगं वाढवलंय. पोरीला दुसरं घर बघा, पावणं. च्या तेवढा घेऊन जावा."

आबांनी रागानं गोळी फरशीवर आपटली. ती टणकन उडून कोपऱ्यात गेली, पण फुटली नाही. आबा पडले गुऱ्हाळवाले. स्वतः उठून त्यांनी ती शोधून आणली, नखानं खरवडली.

"मळी किती घालतासा?"

"हाताला कळतंय. कमी पडली तर वाळल्यावर भुगा. जास्त झाली तर परातीलाच चिकटून बसतंय."

"आमच्या काकवीचं बी तसंच. एक उकळी चुकली की ढेप बसत न्हाय."

चहा निवून गेला. मळी म्हणजे काकवीची सावत्र बहीण, यावर दोघांचं एकमत झालं. दिवेलागणीला आबांना एसटी आठवली. उंबऱ्यात चप्पल घालता घालता ते म्हणाले, "बरं, तारीख कवाची धरायची?"

त्या घरात मी सुखात नांदले. संध्याकाळी आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात आल्या की मळीचा वास आधी आत यायचा. त्या वासानं लोक नाक मुरडतात. मला मात्र मळीचा टँकर गेला की अजून भरून येतं.

दोन हजार पाचात खाणीजवळच मोठा कारखाना झाला. उचगावपर्यंत पूड कोण आणणार? शेड बंद पडली. आत्ती भरदुपारी घरी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. बोलेनात, जेवेनात. मी घाबरून शिरोळला फोन केला.

दुसऱ्या दिवशी आबा आले. हातात फडक्यानं झाकलेली दुरडी. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे भाकरी घेऊन जातात. आबांनी तशीच पिठलं-भाकरी आणली होती. असलं अभद्र, जित्या माणसांच्या घरी!

आत्तींनी दुरडीकडे बघितलं. "कोण मेलंय, पावणं?"

"तुमास्नी ठावं हाय न्हवं." आबा त्यांच्यासमोर भुईवर बसले, फडकं सोडलं, भाकरी मोडून पुढं धरली. "खावा."

आत्तींनी डोळ्याला पदर लावला. कालपासून पहिल्यांदाच त्या रडल्या. मग त्यांनी घास घेतला. त्यांचं खाऊन होईपर्यंत आबा मान खाली घालून बसून राहिले.