मागे कुणीतरी हवं

चौकाच्या बरोबर मध्यावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा जावयाने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. कोरा पेपर परत देणाऱ्या मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबला, तो दाबूनच धरला.

“हात कशाला सोडलेस?” शेजारच्या सीटवरून मास्तर म्हणाले. “गाडी बंद पडलीय, नोकरी नाही गेलेली. क्लच दाब. किल्ली फिरव. त्याला वाजवू दे, त्याचं पोट हॉर्नवर आहे.”

गाडी दोन आचके देऊन निघाली. चौक मागे पडल्यावर मास्तरांनी मान न वळवता मागच्या सीटकडे विचारणा केली.

“झोप लागली का?”

“नाही, बाबा,” त्यांची मुलगी म्हणाली. “बसलेय.”

“नुसती काय बसतेस? बोलत बस. मागे कुणीतरी हवं, आणि ते जागं हवं.”

शनिवारी पहाटे मुलगी आणि जावई दोघांचे परदेशाचे विमान होते. भाड्याचे घर सोडून झाले होते, सामान चार बॅगांत मावले होते, आणि निघण्याआधीचे आठ दिवस दोन्ही घरांना निम्मे निम्मे वाटून दिले होते. सासरचे चार दिवस रडण्यात आणि जेवण्यात गेले. सासूबाईंनी बांधलेली बॅग तीनदा उघडून तीच उशी तीनदा कोंबली होती. इथे माहेरी मात्र मंगळवारी सकाळी बॅगा दारातच होत्या, तोवर मास्तर गाडीची किल्ली घेऊन उभे.

त्याला कारण होते. जावई फ्रिज दुरुस्त करणारा. तिकडच्या नोकरीत कंपनीची गाडी घेऊन घरोघर जायचे होते, आणि ‘गाडी चालवता येते का’ या प्रश्नापुढे त्याने ‘हो’ लिहिले होते. ते अगदीच खोटे नव्हते. लायसन्स त्याच्या पाकिटात अकरा वर्षे होते. त्या अकरा वर्षांत त्याने एकही गाडी चालवली नव्हती, एवढेच. पोचल्यावर आठव्या दिवशी कंपनीचा माणूस शेजारी बसून परीक्षा घेणार होता. नापास झाला तर परतीचे तिकीट.

मास्तरांनी तीस वर्षे ड्रायव्हिंग शिकवले होते. गावातल्या बहुतेक टॅक्सीवाल्यांचे पाय क्लचवर त्यांनीच ठेवले होते. चौदा महिन्यांपूर्वी बायको गेली आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्कूलची पाटी उतरवली. गाडी तेवढी राहिली. तिला डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होते. मास्तर खचले, असे सगळे म्हणाले. मुलीलाही ते पटले होते. त्या उतरवलेल्या पाटीवरून ती दोनदा रडलीही होती.

गाडीबाहेर मास्तर जावयाला ‘तुम्ही’ म्हणत. दार लागले की ‘तू’.

“गाडीत जावई नसतो,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. “मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. स्वतःची अक्कल बाहेर ठेवून यायची. कबूल?”

“कबूल.”

“मग आरशाकडे का बघतोयस? भांग नीट आहे तुझा.”

आणि तासाभराने गाडीतून उतरताना: “दमलात तुम्ही. चहात साखर किती घेता?”

मागच्या सीटवर डावीकडच्या खिडकीशी एक चपटी झालेली उशी होती. ती मुलीच्या आईची जागा. सुरुवातीच्या वर्षांत आई फक्त नव्या शिकाऊ माणसाबरोबर पहिल्या दिवशी जायची. मागे एक बाई शांतपणे विणत बसलेली दिसली, की पुढच्याला घाबरायची लाज वाटते, असे मास्तरांचे म्हणणे. पण शेवटची पाच-सहा वर्षे ती रोजच जाऊ लागली होती, आणि शांतपणा संपला होता. “सायकलवाला बघा कसा मध्येच वळला. शाळा सुटली वाटतं लवकर. या बाईची पिशवी फाटणार आता, रस्त्यातच उभी आहे.” शिकाऊ मंडळी तिला रेडिओ म्हणत. घरातही सगळे चिडवायचे, फुकट फेरफटका मिळतो म्हणून जाते. मुलगी तर म्हणाली होती, आई, तू मागे बसतेस तेव्हा पुढच्यांना पैसे परत द्यायला हवेत. आई हसली होती आणि पुढचा टाका घातला होता.

बुधवारी मास्तर त्याला नदीकडच्या रस्त्याला घेऊन गेले. रस्ता सरळ, रहदारी नाही. मागे मुलगी पुस्तकात.

“तिसरा टाक. ऐक, इंजिन मागतंय तिसरा. मागितल्यावर द्यावं माणसानं.”

जावयाने तिसरा गिअर टाकला. समोर रस्ता खणलेला होता. मातीचा ढीग, त्याच्याआधी डांबराचे रिकामे पिंप आणि पिंपाशेजारी पुरुषभर उंचीची लाल पाटी.

“बाबा...” जावई म्हणाला.

“सरळ. घाबरू नकोस.”

“पण बाबा, समोर...”

“सरळ म्हणतोय ना?”

जावई कबूल करून बसला होता. त्याने डोळे बारीक केले आणि गाडी सरळ नेली. पिंप आडवे झाले, गडगडत गेले आणि ढिगाला टेकले. मग मास्तरांचा पाय ब्रेकवर पडला. पिंपाचा आवाज झाल्यावर.

झाडाखाली चहा पीत बसलेले कामगार उठून आले. त्यांच्या मुकादमाने गाडी ओळखली. तोही मास्तरांकडेच शिकलेला.

“मास्तर, तुम्ही?”

मास्तर खाली उतरले, दोन पावले सावकाश गेले, बुटाच्या टोकाने पिंप चाचपले. “हे कालपर्यंत नव्हतं इथे.”

“तीन आठवडे झाले, मास्तर.”

“मग पाटी नको लावायला?”

मुकादमाने लाल पाटीकडे पाहिले. कामगारांनी पाटीकडे पाहिले.

“लावतो,” मुकादम म्हणाला.

परतताना जावई तीन वेळा म्हणाला, “चूक माझीच होती.” तिसऱ्यांदा मास्तर म्हणाले, “होय. पण पुष्कळ सुधारलास.”

संध्याकाळी जावई अंगणात हातोडी घेऊन बंपर सरळ करत बसला. मुलीने वडिलांना चहा ओतला, आणि बघत राहिली. मास्तरांनी कप ओढला, तर्जनी आतल्या काठाला लावली, चहा बोटाला लागला तेव्हा कप उचलला. पूर्वी हे ती बघायची तेव्हा तिला वाटायचे, किती गरम आहे ते पाहतात. कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तिने वरची पाच-सहा उचलली, मग खालची. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

“पेपर वाचत नाही का हल्ली?”

“काय असतं त्यात?”

ती त्यांच्यासमोर बसली. “बाबा, आई गाडीत एवढं काय बोलायची हो?”

“दिसेल ते,” मास्तर म्हणाले आणि थांबले. हातोडीचे दोन ठोके पडले. “बोलकी होती,” ते म्हणाले.

तिने कपाखालची बशी सरळ केली. ती सरळच होती.

“बाबा...”

“शनिवारी पहाटे विमान सुटणार,” मास्तर म्हणाले. “त्यात तू असणार. माझ्यापायी राहिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि मग राहून तरी काय करशील? दुसरं काहीतरी विचार.”

रात्रीचे जेवण होईपर्यंत ती मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी चालत राहिली. नवऱ्याला सांगावे तर शिकवणी बंद, आणि तिकडे आठव्या दिवशी नोकरी बंद. विमान सोडावे तर बाबांचे तोंड बंद; आणि ते बोललेले खरे करणारे होते. न सांगता जावे तर महिन्याभरात हा माणूस एकटाच कुठल्या तरी पिंपावर जाणार.

गुरुवारी बाजाराच्या रस्त्यावर गाडी शिरली, तेव्हा ती आईच्या उशीवर सरकली. घसा खाकरला.

“डावीकडून स्कूटर येतेय,” ती म्हणाली.

जावयाने आरशात पाहिले. ती सहसा गाडीत पुस्तक वाचायची.

“भाजीवाल्यानं हातगाडी अर्धी रस्त्यात घेतलीय,” ती म्हणाली. “दोन मुली हातात हात घालून चालल्यात, त्यांना काही बाजूला व्हायचं नाहीये. पुढे बस थांबलीय. तिच्यातून एक आजोबा उतरतायत. अजून उतरतायत.”

“तुला काय झालंय आज?” जावई म्हणाला.

“बोलू दे तिला,” मास्तर म्हणाले. दाराच्या दांडीवर आवळलेला त्यांचा डावा हात सुटला आणि गुडघ्यावर आला. “थांब. आजोबा उतरले का गं?”

“उतरले.”

“दुसरा टाक. निघ.”

त्या दिवशी दीड तासात गाडी एकदाही बंद पडली नाही. उतारावर, गर्दीत, मागे घेताना ती बोलत होती. तिला आपला आवाज दमलेला आणि थोडा ओळखीचा वाटला. घरी आल्यावर जावई खूश होता.

“आता एकच सांग,” तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, “तिकडे परीक्षेला तू मागे बसणार आहेस का?”

शुक्रवारी शेवटची शिकवणी. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. रस्ते मास्तरच सांगत होते: डावीकडे, चढ, मग उजवीकडे. नुसत्या वळणांचा हिशेब करत त्यांनी गाडी एका दुमजली इमारतीसमोर थांबवायला लावली.

“पाटी वाच,” ते मुलीला म्हणाले.

तिने वाचली. “डोळ्यांचा दवाखाना.”

“बरोबर आलो मग. अकराची वेळ घेतलीय.”

“कधी घेतलीत?”

“काल. तू हात धुवायला गेलीस तेव्हा.” त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. “टॅक्सीनं आलो असतो. पण सगळे टॅक्सीवाले माझेच. मास्तरला दिसत नाही म्हटल्यावर उद्या गावातले निम्मे लोक गाडी कडेला लावून विचार करत बसतील, आपण नक्की काय शिकलो.”

जावयाचा हात किल्लीवर तसाच राहिला. तो मंगळवारपासूनचे सगळे रस्ते एकामागून एक आठवत होता, ते त्याच्या कानांवरून कळत होते. कान लाल होत गेले.

“म्हणजे चौकात, तो ट्रक...”

“ट्रक होता का तो?” मास्तर म्हणाले. “बस समजत होतो. तूच चालवत होतास की. काल तर मी पेडलला पायही लावला नाही. पास आहेस तू.” त्यांनी दार उघडले आणि उतरून पुढे म्हणाले, “चला, जावईबापू, तुम्हीही या आत. बाहेर ऊन आहे.”

आत सहायक बाईने मास्तरांना उंच खुर्चीत बसवले आणि एका डोळ्यावर झाकण धरायला दिले. भिंतीवर उजेड लागला, त्यात अक्षरांच्या ओळी, वर मोठी, खाली मुंगीएवढी. मुलगी खुर्चीच्या मागे उभी राहिली.

“सगळ्यांत वरचं अक्षर सांगा,” बाई म्हणाल्या.

मास्तर पाहत राहिले. बाई थांबल्या. जावई दाराशी थांबला. मुलीने श्वास घेतला, तो जरा जोरात घेतला गेला.

मास्तरांनी मोकळा हात वर केला, पुढेच बघत.

“आता नाही,” ते म्हणाले. “आता तू बोलायचं नाहीस.”