घासलेली ओळ

नागोरावच्या लेकीच्या, पंचफुलेच्या, पहिल्या मुलीचं बारसं होतं. साल १९५६, जून महिना. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला अजून पाच महिने होते. अंबरपेठेतल्या नागोरावच्या दोन खोल्यांत बायका पाळण्याभोवती दाटल्या होत्या आणि बाहेर ओट्यावर पुरुषांचा चहा चालला होता. तेवढ्यात मुकुंदराव मास्तर आले. दरवेळी उंबऱ्यातूनच "केसरबाई, चहा टाका" म्हणणारा हा माणूस आज चहा न मागताच बसला आणि त्यानं पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं.

"माझं पुस्तक," मास्तर म्हणाले. "धडे माझे, कोडी माझी, चित्रं माझी. नाव कुणा केशवरावाचं. औरंगाबादेहून माझ्या मेव्हण्यानं पाठवलं."

नागोरावनं भरलेली बशी तशीच खाली ठेवली.

शेजारच्या शंकररावांनी पुस्तक उलटंपालटं केलं. ते सरकारी कचेरीत चपराशी होते, त्यामुळे सरकारच्या पोटातलं आपल्याला सगळं कळतं असं ते धरून चालत.

"मास्तर, मागच्या साली हे पुस्तक तुम्ही मंजुरीला धाडलं होतं का नाही?"

"धाडलं होतं. उत्तर आलं नाही."

"मग झालं की! नकाशे कधीचे छापून तयार आहेत. या शहरातली मराठी पुसून टाकायची, हे ठरलंय वर. इथल्या मास्तरचं पुस्तक तिकडं चाललं तर उद्या लोक म्हणतील, हैदराबादेत मराठी आहे. म्हणून नाव काढलं. ये सब सोच-समझके किया सो काम है."

"सरकारला माझ्या पुस्तकाची एवढी भीती?" मास्तर म्हणाले. पण त्यांची पाठ जराशी ताठ झाली, ती नागोरावनं पाहिली.

"भीती म्हणजे? तुम्ही अर्ज लिहा. साफ लिहा की खात्यानं चोरी केली. मी आतल्या आत साहेबांच्या मेजापर्यंत पोचवतो. पण एक सांगा, विद्या वाटल्यानं वाढते, असं तुम्हीच वर्गात शिकवता. मग चोरी झाली कशाची?"

"विद्या वाटावी शंकरराव, नावं वाटत नसतात. जे माझ्या डोक्यातून निघालं ते माझं."

आतून पाळण्याची दोरी थांबली. नागोरावची बायको केसरबाई दारात आली.

"मास्तर, राग नका मानू. त्या पुस्तकात दगडाचं कोडं हाय. ते म्या केलं, ह्यांच्या कामावर. तुम्ही इथंच बसून लिहून घेतलं. त्याच्याखाली कुणाचं नाव हाय?"

"ती लोकांची कोडी, केसरबाई. लोकांच्या मालाला एक धनी नसतो."

"म्या लोक न्हाय, मास्तर. म्या केसर हाय."

शंकरराव मोठ्यानं हसले. मास्तर हसले नाहीत. आत बायकांनी बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. जाताना मास्तर एवढंच म्हणाले, "अर्ज आज लिहितो. उद्या देतो तुमच्याजवळ, शंकरराव."

नागोरावनं आपल्या घुगऱ्या शंकररावांच्या हातावर ठेवल्या.

तो शहरातल्या कोठी भागात एका शिळाछापखान्यात दगड धुवायला होता. तिथं कातिब पिवळ्या कागदावर चिकट शाईनं लिहायचा, कागद दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उमटायची, आणि त्यावरून सुलटी पानं छापली जायची. काम संपलं की नागोरावनं वाळू-पाणी टाकून दगड घासायचा, कोरा करायचा. वीस वर्षं तो दुसऱ्यांची अक्षरं पुसत होता आणि त्याला एक अक्षर येत नव्हतं.

मागच्या साली मास्तरांचं पुस्तक दगडावर चढलं तेव्हा ते स्वतः छापखान्यात आले होते. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले होते, "नागोराव, हे बघा तुमच्या घरचं कोडं." कोडं नागोरावला तोंडपाठ होतं:

पाठीवर बोल, पोटात काही नाही,
न्हाऊ घाला त्याला, मग आठवत नाही.

पहिल्या थोड्या प्रती निघाल्यावर मालकानं ते दगड धुवायचे नाहीत असं सांगितलं, म्हणून ते भिंतीशी उभेच राहिले. जेवणाच्या सुट्टीत नागोराव त्यांच्यासमोर बसायचा. तोंडातला शब्द आणि दगडावरची खूण तो जुळवायचा. असं करता करता त्याला वाचता येऊ लागलं. पन्नाशीत. कुणाला सांगितलं नाही. हसतील, असं वाटलं.

मग एक दिवस मालक हिंमतराव म्हणाले, "नागोराव, पहिल्या दगडावरची खालची ओळ घास. तेवढीच. बाकीला धक्का नको." हे काम कातिबाचं, पण कातिबाला वाचता येत होतं, म्हणून त्याला सांगितलं नसावं.

नागोरावनं ओळ वाचली. मुकुंदराव. पंचफुलेला आठवा महिना लागला होता. त्यानं बारीक दगड हातात घेतला आणि घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जायच्या आधी तो बरकतपुऱ्यात मास्तरांकडे गेला. मास्तरांनी अर्ज लिहून ठेवला होता, घडी घातलेली होती. ते सरकारी शाळेत होते. एवढा अर्ज वर गेला की नोकरीवर येणार, हे नागोरावलाही कळत होतं.

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं.

"सरकार-बिरकार काही न्हाई, मास्तर. मालकानं परभारं इकलं. अन् नाव म्या घासलं. ह्या हातानं."

"तुम्हाला काय माहीत ते माझंच नाव होतं? तुम्हाला वाचता येत नाही."

"येतं."

मास्तरांनी त्याच्यासमोर पुस्तक उघडून धरलं. नागोराव बघत राहिला. पानावरची अक्षरं त्याला अनोळखी वाटत होती, जशी ओळखीच्या माणसानं पाठ फिरवावी. तो खालच्या मानेनं म्हणाला, "आरसा हाय का?"

मास्तरांच्या पत्नी कुसुमताईंनी दाढीचा आरसा आणून दिला. नागोरावनं पान आरशासमोर धरलं आणि एकेका अक्षरावर थांबत वाचलं. पाठीवर बोल. पोटात काही नाही.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी विचारलं, "हे कचेरीत सांगाल?"

"सांगंन. मालक काढून टाकंल, तर काढू द्या."

"आणि पंचफुला? तिचं लेकरू?"

नागोरावनं आरसा खाली ठेवला. मास्तरांनी अर्ज उचलला, त्याला आणखी एक घडी घातली आणि तो आरशाखाली ठेवून दिला.

"जा तुम्ही. कामाला उशीर होईल. हे बाहेर बोलू नका."

शंकरराव दोन दिवस अर्जाची वाट पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकात सांगून टाकलं, "मास्तरला वरून दम आला. सरकारला भ्याला बिचारा." पुढं राज्य तुटलं, मराठवाडा मुंबईकडं गेला, शहर आंध्रात गेलं, तरी ही गोष्ट अंबरपेठेत चालू राहिली. मास्तरांच्या कानावर ती यायची. ते चहा पिऊन उठायचे. नागोराव तिथं असला तर त्याच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत, म्हणजे त्याचं तोंड उघडू नये. त्यानं ते उघडलंही नाही. भित्रा म्हणवून घेतलं मास्तरांनी आणि दगड धुवत राहिला तो.

मास्तरांच्या तेराव्यानंतर कुसुमताईंनी नागोरावला बोलावलं. पहिल्या छपाईतली, मास्तरांच्या नावाची एक प्रत त्याच्या हातात दिली. "हे तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं. काय लिहिलंय, मला वाचता येत नाही. खिडकीच्या काचेवर कागद धरून किती दिवस गिरवत होते."

कोड्याच्या पानाला खूण होती. कोड्याखाली पेन्सिलीनं एक ओळ होती, वाकडीतिकडी, लहान लेकराच्या हातासारखी. नागोरावला आरसा लागला नाही. ओळ उलटी लिहिली होती.

घरी येऊन त्यानं ती केसरबाईला वाचून दाखवली. "हे कोडं केसरबाई नागोराव, अंबरपेठ, यांचं."

"तुम्हाला वाचता येतं?" केसरबाई म्हणाली. मग पुस्तक हातात घेऊन तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

मुकुंदराव मास्तर १९५९ साली, होळीच्या दुसऱ्या दिवशी, बरकतपुऱ्यातल्या घरी वारले.