मागच्या बाकावरचा प्रश्न

"तुमचे दादा दिवाणी कोर्टात काय करत होते हो?" कोटाचं माप देता देता एका गिऱ्हाइकाने विचारलं आणि मी तोंडातल्या टाचण्या गिळता गिळता वाचले. मागच्या बाकावर बसून होते म्हणे. एकदा नाही, दोनदा दिसले. शाळेत कधी ऐकलं नसेल इतकं लक्ष देऊन ऐकत होते.

माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण आमचं तेव्हा घरावरून चाललं होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं. घर त्यांच्या नावावर, मागे काही लिहून ठेवलेलं नाही, म्हणजे आम्हा दोघा भावंडांचं. दादाला ते विकायचं होतं. तो आणि वहिनी कधीचे दुसरीकडे राहतात, त्यांचं काय जातंय! नवरा गेल्यापासून मी तिथेच राहते आणि रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. "ही खोली तुझी, असं बाबा मला म्हणाले होते," हे मी दादाला सांगितलं, तेव्हा त्याने तापात बडबडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"चिमे, तुझ्या मनाचे खेळ आहेत गं. बाबा असं काही म्हणाले असते तर मला नसते बोलले?"

ऐकणारी मी एकटी. शपथ घेऊन सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार? हळूहळू मलाच वाटायला लागलं होतं की आपण हे स्वप्नात तर ऐकलं नाही ना. आणि बुधवारी घर बघायला खरेदीदार येणार होता.

गिऱ्हाईक गेल्या गेल्या मी फोन लावला. "कोर्टात कशाला गेला होतास?"

"अगं, खेळासाठी!" तो इतका मोकळा हसला की माझा संशय दुप्पट झाला.

हा खेळ मला ऐकून माहीत होता. दर रविवारी दुपारी दादाच्या ओळखीच्या एका मास्तरांच्या घरी चार घोड्याएवढी माणसं जमतात आणि आपण दुसरंच कुणीतरी असल्याचं सोंग करतात. मास्तर एका गावाची गोष्ट सांगतात, बाकीचे त्या गावातली माणसं होऊन बोलतात, अडलं की फासा टाकतात. आजवर यांनी जहाजं बुडवली, राजे मारले. आता म्हणे गोष्टीत दिवाणी खटला आला होता आणि तो खरा वाटावा म्हणून सगळे आळीपाळीने कोर्टात जाऊन बसत होते.

"रविवारी तूही ये ना बघायला," दादा म्हणाला.

इतक्या वर्षांत मला साध्या चहाला न बोलावणारा हा माणूस! कुठेतरी पाणी मुरत होतं. पण मीही त्याचीच बहीण. गेले.

मास्तरांनी जेवणाचं टेबल भिंतीला लावून न्यायाधीशाची जागा केली होती. समोर साक्षीदाराची खुर्ची, आणि मागे चपलांच्या कपाटाशेजारी एक बाक.

"आमच्याकडे नुसतं पाहुणं कुणी नसतं," मास्तर मला म्हणाले. "खोलीत आहात म्हणजे कोर्टात आहात. तुम्ही प्रेक्षक. मध्ये बोलायचं नाही. साक्ष संपली की प्रेक्षकाला एक प्रश्न विचारता येतो, आणि साक्षीदाराला त्याचं खरं उत्तर द्यावंच लागतं. खऱ्या कोर्टात असं नसतं, पण आमच्या गावात आहे."

कोपऱ्यात एक गृहस्थ काळा कोट झटकत होते. मी विचारलं, तुम्ही काय करता? तर म्हणे वकील. खेळातले नव्हे, खरेच, दिवाणीचे. झालं! मला आणखी काय पुरावा हवा होता?

प्रत्येकाने आपापल्या सोंगाची एक वस्तू अंगावर घ्यायची, अशी त्यांची पद्धत. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मफलर गुंडाळला. खेळात त्या भाऊ होणार होत्या. आणि दादाने गळ्यात माप घ्यायची टेप घातली. टोक इस्त्रीने जळलेलं. माझी टेप! महिनाभर मी ती घरभर शोधत होते.

मास्तरांनी टेबलावर चमचा आपटला. "खटला असा. एक विधवा बहीण, शिवणकाम करणारी. भाऊ घर विकायला निघालाय. बहीण म्हणते, वडिलांनी पुढची खोली तिला तोंडी दिली. साक्षीदार, या."

आणि दादा माझी टेप गळ्यात घालून, मी होऊन, खुर्चीत जाऊन बसला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काय डोकं आहे बघा! खऱ्या वकिलाकडून फुकटात माझ्या बाजूची भोकं शोधून घ्यायची. वर मलाच समोर बसवून ती दाखवायची, म्हणजे बुधवारी मी मुकाट्याने मान डोलवीन. उठून जाणार होते. पण म्हटलं, थांब, किती खोल पाण्यात आहे हा, ते तरी कळू दे.

"वडील हे कुणासमोर बोलले?" वकिलांनी विचारलं.

"कुणासमोर नाही." दादाने मान तिरकी केली, अगदी मी करते तशी.

"लिहून दिलं?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही म्हणता म्हणून कोर्टाने मानायचं? बाई, तोंडी शब्दाला इथे काय किंमत असते, माहीत आहे ना?"

दादाने हळूच माझ्याकडे बघितलं. ऐकतेस ना, असं. मी तोंड फिरवलं.

वकील मात्र आता रंगात आले होते. "मी सांगतो काय झालं. वडील काही बोललेच नाहीत. तुम्हाला भावाचा राग आला आणि तुम्ही ही गोष्ट रचलीत. बापाच्या नावावर धडधडीत खोटं बोलताय तुम्ही!"

"रचली नाही!" दादा ताडकन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. मी नखं कापत होते. अंगठ्याचं जाड झालेलं, म्हणून भिजवून घेतलं होतं. ते म्हणाले, 'ही खोली तुझी. मशीन इथून हलवू नकोस. दादाला मी सांगतो.' आणि मग म्हणाले, 'नख काप गं, बोट ठेव.' हे कुणी रचतं का?"

"वा!" मास्तर म्हणाले. औषधवाल्या बाईंनी टाळी वाजवली. "प्रत्यक्ष ऐकल्यासारखं वाटलं हो!"

खोलीचं मी दादाला सांगितलं होतं. नखांचं नव्हतं सांगितलं. ना त्याला, ना वहिनीला, कुणालाच नाही. नखं कापण्यात सांगण्यासारखं काय असतं? आणि 'बोट ठेव' म्हणताना बाबा हसले होते. दादाही तिथेच हसला होता.

"प्रेक्षक, काही प्रश्न?" मास्तरांनी विचारलं.

मी उठले. "मी बाबांची नखं कापत होते, हे तुला कुणी सांगितलं, दादा?"

"ते... मी मनाने घातलं. खेळ आहे, चिमे."

"एक मिनिट," वकील म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग दादाच्या गळ्यातली टेप पाहिली. "हा खटला रचलेला आहे म्हणाला होतास तू मला."

"खेळात बोललेलं बाहेर धरायचं नसतं," दादा पुटपुटला. "मास्तर, नियम आहे ना?"

"आहे खरा," मास्तर चाचरत म्हणाले.

औषधवाल्या बाईंनी मफलर सोडून खुर्चीवर टाकला. "नियम गेला खड्ड्यात! त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या."

दादा खाली बसला. त्याने टेप गळ्यातून काढली आणि बोटाला गुंडाळत राहिला. "त्या दिवशी मी आलो होतो. दार उघडंच होतं. तुमचं ऐकलं आणि बाहेरच थांबलो."

"आत का नाही आलास?"

"बाबा मला सांगणार म्हणाले होते ना! रोज वाट बघायचो. आज सांगतील, उद्या सांगतील. त्यांनी सांगितलंच नाही गं. मग मी धरून चाललो की मला माहीतच नाही."

मला इतका राग आला आणि त्याच्याच मागून रडू आलं. "वर्षभर मला वेडी ठरवलंस, दादा! माझा माझ्या कानांवरचा विश्वास गेला."

तो मान वर करेना. "बुधवारी त्या माणसाला नको म्हणून सांगतो."

एरवी एवढ्याने मी विरघळले असते. पण संशय असा एका वाक्याने जात नाही. मी त्याच्या हातातून माझी टेप घेतली.

"आता टेप नाही तुझ्या गळ्यात," मी म्हटलं. "बाबा काय म्हणाले ते पुन्हा सांग. मी होऊन नको. तू होऊन सांग."

त्याने एकदा वकिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"'ही खोली तुझी,' असं म्हणाले बाबा," दादा म्हणाला. "माझ्या बहिणीला म्हणाले. मी ऐकलं."

चमचा टेबलावर पडून होता, तो कुणी आपटला नाही. या वेळी ऐकणारी मी एकटी नव्हते.