देव्हाऱ्यातली गुणगुण

२०१९ च्या श्रावणात मोहन्याच्या घराला कुलूप लावून मी ठाण्याला मुलाकडे आले. हे जाऊन वर्ष झालं होतं. नयनला मी सांगून ठेवलं होतं, दसऱ्यापर्यंत बघते. रुळले तर राहीन, नाहीतर आपलं मोहने बरं. मी तिथे एकटी राहणार, याची धास्ती माझ्यापेक्षा सुनेला, अमृताला, जास्त होती.

टेंभी नाक्याजवळचं घर, पण माझी खोली मागच्या बाजूला, अगदी शांत. देव्हाराही तिथेच. छत काळं होऊ नये म्हणून अमृताने हौसेने विजेची समई आणलेली, दिवसरात्र तेवणारी.

दुपारी पाठ टेकली की बारीक गुणगुण ऐकू यायची. डास कानाशी घुटमळावा आणि चावू मात्र नये, तशी. डोळा लागेना. रात्रीही तेच.

नयन म्हणाला, "आई, मोहन्याला कारखान्याच्या भोंग्याने कधी तुझी झोप मोडली नाही, आणि इथे काय झालं?"

"भोंगा वाजून गप्प बसायचा रे. हे बसत नाही."

त्याने खोलीतलं सगळं बंद करून पाहिलं. वायफायचं खोकं, चार्जर, डासांचं मशीन. गुणगुण होतीच. मग कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वयोमानाने होतं असं. मी मुकाट्याने पिशवीत लुगडी भरायला घेतली. अमृताने ते पाहिलं.

गणपती उठले आणि गावाकडे जगन भावोजी गेले. पिकलं पान, पण भावकीतले, म्हणून सुतक आलं. पूजा थांबली. अमृताने समई बंद करून देव्हाऱ्याचा पडदा ओढला. त्या दुपारी मी अशी झोपले की चहा निवून गेला. पुढेही रोज तसंच. नयन म्हणालाच, "जगनकाकांचं दुःख तुला फारच मानवलेलं दिसतंय."

सुतक फिटलं. अमृता न्हाऊन आली, पडदा सारला, समई लावली. गुणगुण परत हजर.

"अमृता, तो दिवा जरा बंद कर."

"आई, आत्ताच लावलाय. देवाचा दिवा मालवायचा कसा?"

"कर गं."

तिने बटण दाबलं. खोली शांत. पुन्हा लावलं, कान जवळ नेला आणि खाली बसली. "म्हणजे मी आणलेलीच निघाली."

"नयनने घर पालथं घातलं, पण देवाच्या दिव्याला हात कोण लावणार? समई छान आहे गं. माझ्या उशाशी नको, एवढंच."

समई गॅलरीत तुळशीपाशी गेली. देवापुढे सकाळ-संध्याकाळ मी तेलाचं निरांजन लावू लागले, आणि काजळी धरायला वर मोहन्याची जुनी पितळी ताटली टांगली. पिशवीतली लुगडी अमृतानेच कपाटात लावली.

मोहन्याचं घर पुढे भाची हेमाला राहायला दिलं. नयनची बदली पुण्याला झाली, शनिवार-रविवार येतो. अमृता सुट्टीच्या दुपारी माझ्याच खोलीत येऊन झोपते, आणि घोरते. समई गॅलरीत अजून गुणगुणते, कबुतरांची काही तक्रार नाही. मला आता कमी ऐकू येतं, पण कानाच्या डॉक्टरांकडे मी पुन्हा गेले नाही.