डाव्या कुशीतलं शिंग

शिंग उजवीकडे. पट्टा डाव्या खांद्यावरून. टोक पुढे, बूच घट्ट. शिंगाखाली पिशवी, आणि पिशवी कोपराच्या आत दाबलेली. ज्याची कमरेखाली लोंबकळते तो शिकारी नव्हे, पोस्टमन.

दर शरदात, नेमबाजी सुरू व्हायच्या आधी, हॉबर्ट स्टिडम रांगेसमोरून चालत हे म्हणायचा. प्रार्थना म्हणावी तसं, शब्द न बदलता. रांगेतले पुरुष ऐकायचे आणि प्रत्येकाचा उजवा हात आपोआप उजव्या बरगडीवर जायचा. बंदुकीची दारू भरलेलं बैलाचं शिंग तिथे आहे ना, बघायला.

या वर्षी हॉबर्ट चौथ्या जागेपाशी येऊन थांबला.

चौथ्या जागेवर ऑर्लेना साइझमोर उभी होती. बापाची फेल्टची टोपी, स्वतःचा जाडाभरडा घागरा, हातात ठासणीची लांब बंदूक. आणि शिंग

डावीकडे.

*

"पोरी, हे काय आरशात बघून घातलंस?"

रांग हसली.

"आरशात बघितलं असतं हॉबर्टकाका, तर ही टोपी घातली असती का?"

रांग पुन्हा हसली. या वेळी हॉबर्ट हसला नाही.

"ती प्लेझची टोपी आहे."

"टोपी प्लेझची, जागा प्लेझची, शिंगही प्लेझचंच. बाजू तेवढी माझी."

*

प्लेझ म्हणजे तिचा बाप. खाणीतला खोकला छातीत धरून मार्चमध्ये गेला. म्यूल फोर्कच्या खोऱ्यात रांगेतली जागा बापाकडून लेकराकडे जाते, पण एका शरदात ती रिकामी राहिली की गेली. मग मागायला जाऊ नये. प्लेझला मुलगा नव्हता. हॉबर्टचा जावई सकाळपासून रांगेच्या मागे बंदूक घेऊन उभा होता. शेकोटीजवळ ऊब होती तरी तो शेकोटीजवळ गेला नव्हता.

हे ऑर्लेनाने येता येताच पाहिलं होतं.

बैल पहाटेच कापून अक्रोडाच्या फांदीला टांगला होता. चार फऱ्या, म्हणजे मांसाचे चार मोठे हिस्से, चार उत्तम नेमबाजांना, कातडं आणि चरबी पाचव्याला. खाली ट्रकच्या फळीवर बायकांनी मक्याचा पाव, घेवड्याचं कालवण, काकवी मांडून ठेवलं होतं. ऑर्लेनाला मांस नको होतं असं कोणी म्हणेल तर ते खोटं. हवंच होतं. पण आधी जागा. मांस काय, हिवाळ्याबरोबर संपतं.

*

नियम, हॉबर्टच्या तोंडून:

"चकमकीची बंदूक उडते तेव्हा कानातून, नळीच्या बाजूच्या भोकातून, ठिणगी बाहेर पडते. आपल्या सगळ्यांच्या बंदुकांचा कान उजवीकडे. म्हणजे माझी ठिणगी माझ्या उजव्या शेजाऱ्याकडे. त्याची डावी बाजू माझ्याकडे. आणि त्याच्या डाव्या बाजूला काय असतं? काही नसतं. शिंग उजवीकडे, अंगाच्या आडोशाला. म्हणून आपण अजून दोन्ही डोळ्यांनी बघतोय."

नियम, ऑर्लेनाच्या कानात:

तू चुकीची आहेस.

*

खरं तर हॉबर्ट बरोबर होता आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

तिच्या बंदुकीचा घोडा, चकमक, कान, सगळं डावीकडे होतं. शाळेत बाईंनी तिचा डावा हात सुतळीने बाकाला बांधला तेव्हा प्लेझने जाऊन ती सुतळी कापली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता घरी आला. मग दोन हिवाळे चुलीपाशी बसून त्याने ही बंदूक घडवली. डाव्या खांद्याला लागणारी, डाव्या गालाला बसणारी. पट्टाही उजव्या खांद्यावरून घ्यायला शिकवलं. डोंगरमाथ्यावर ती त्याच्यापेक्षा चांगली मारायची आणि तो तसं खारींनासुद्धा सांगायचा.

पण रांगेत आणलं नाही कधी.

"तिथलं तिथे राहू दे," एवढंच म्हणायचा.

आणि आता चौथ्या जागेवर उभं राहिल्यावर तिला समजलं का. डाव्या हाताला तिसऱ्या जागेवर लॉन्झो नेपियर उभा होता, तिचा चुलतभाऊ. लॉन्झोची ठिणगी तिच्या शिंगावर येणार. तिची ठिणगी लॉन्झोच्या शिंगावर जाणार. दोन शिंगं, दोन ठिणग्या, मधे हातभर हवा.

*

"ऑर्लेना, अगं," लॉन्झो म्हणाला, "मी तुझ्याविरुद्ध नाहीये हं. पण तू चाप ओढलास की माझी पिशवी पेटेल, पिशवीनंतर मी पेटेन, आणि माझ्या बायकोने आजच हा शर्ट इस्त्री केलाय."

"शर्ट काढून ठेव."

"थंडी आहे गं."

"पेटलास की वाजणार नाही."

बायकांतून हॉबर्टची बायको महाला मोठ्याने हसली आणि हॉबर्टने तिच्याकडे पाहिल्यावरही थांबली नाही.

*

हॉबर्ट समजुतीचं बोलायला लागला. हे त्याचं सगळ्यात वाईट रूप.

"हे बघ. प्लेझ माझा मित्र होता. जागेला मी नाही म्हणत नाही. माझी जास्तीची बंदूक घे. उजवी. शिंग फिरव उजवीकडे. एक गोळी मार, लागली लागली, नाही तर नाही. जागा तुझी राहील, नियम नियमाच्या जागी राहील."

"उजव्या हाताने मारू?"

"माणसं मारतात."

"माझी गोळी ओढ्यापलीकडच्या तुमच्या गाईला लागेल."

"मग जावयाला उभा करतो तुझ्या नावाने. तोच मारेल. जागा पुढच्या वर्षी परत तुझी."

जावई एक पाऊल पुढे आला. फार घाईने आला, असं महालालासुद्धा वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "अरे, तुला बोलावलंय का अजून?"

ऑर्लेनाने पट्ट्याला हात घातला. रांगेला वाटलं, काढते आता. फिरवते. तिलाही क्षणभर वाटलं. एवढंच तर करायचं होतं: पट्टा डोक्यावरून काढायचा, दुसऱ्या खांद्यावर टाकायचा. तेवढ्यावर सगळे जेवायला मोकळे. आयुष्यभर तिला जे जे करायला सांगितलं गेलं ते सगळं एवढंच होतं. एवढंच तर आहे. दुसऱ्या हातात घे. दुसऱ्या बाजूने ये. काय बिघडतं?

"डावखुऱ्याला रांगेत जागाच नाही, असा नियम आहे का काका?"

हॉबर्ट खोटं बोलणारा माणूस नव्हता. तेवढं श्रेय त्याला द्यावं लागेल.

"आहे," तो म्हणाला. "म्हणजे जागा आहे. रांगेचं डावं टोक. डावीकडे कोणी नसलं तर तुझी ठिणगी कोणाला लागत नाही, आणि कोणाची तुझ्या शिंगाला लागत नाही."

"मग मला ते टोक द्या."

रांगेतलं हसणं बंद पडलं.

डावं टोक म्हणजे पहिली जागा. अक्रोडाच्या बुंध्याला लागून, ओढ्याच्या काठावर. तिथे उभा असतो तो पहिला बार काढतो, आणि पहिला बार निघेपर्यंत बाकी कोणी चापाला बोट लावत नाही. तिथे हॉबर्ट उभा असायचा. त्याआधी त्याचा बाप.

"ती माझी जागा आहे," हॉबर्ट म्हणाला.

"मला तुमची जागा नकोय. टोक हवंय."

"ते एकच आहे."

"नाही."

*

ती चौथ्या जागेवरून निघाली. लॉन्झोच्या समोरून, दुसऱ्या जागेच्या समोरून, पहिल्या जागेवर हॉबर्टची बंदूक बुंध्याला टेकवलेली होती तिच्या समोरून. बुंध्याला वळसा घातला.

पलीकडे जमीन नव्हती. ओढा होता. नोव्हेंबरचा, पानांनी भरलेला, काठाशी बर्फाची पातळ पापडी.

ती आत उतरली.

*

पाणी घोट्याला.
पाणी पोटरीला.
पाणी गुडघ्याच्या वर, घागऱ्यात हवा भरून घागरा फुगला, मग भिजून पायांना चिकटला.

एवढ्यावर ती वळली आणि नेमाच्या फळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. फळ्या समोर होत्या, इतरांना दिसत होत्या तशाच, फक्त थोड्या तिरप्या. कोळशाने काळी केलेली तिची चौथी फळी इथूनही दिसत होती, मधे कागदाचा पांढरा तुकडा.

पिशवी पाण्याला टेकत होती. तिने पट्टा छातीवर धरून एक गाठ मारली, मग अजून एक. पिशवी वर सरकली, थेट काखेत, शिंग तिच्यावर आडवं. पिशवी अशीच तर धरायची असते. हॉबर्टच दर वर्षी सांगत होता.

"हॉबर्टकाका, बघा. माझ्या डावीकडे कोण आहे?"

कोणी नव्हतं. पाणी होतं.

"उजवीकडे कोण आहे?"

उजवीकडे अक्रोडाचा बुंधा, आणि त्याच्या पलीकडे पहिली जागा.

"तुम्ही आहात. तुमची ठिणगी पलीकडे जाते, माझी पाण्यात. लॉन्झोचा शर्ट वाचला."

"रांग झाडापासून सुरू होते," हॉबर्ट म्हणाला. आवाज चढला होता.

"असं तुम्ही आज सकाळी म्हणालात का? माझ्या कानावर आलं नाही. शिंगाचं आलं. पिशवीचं आलं. झाडाचं कुठे होतं?"

नव्हतं. शब्द न बदलता म्हणायच्या गोष्टीत झाड नव्हतं.

"बाहेर ये. निळी पडशील."

"पडेन."

*

तिने भरायला घेतली.

दस्ता पाण्यात बुडवून चालणार नव्हतं, म्हणून बंदूक बुटाच्या चवड्यावर उभी केली आणि चवडा पाण्याबाहेर आलेल्या एका दगडावर. बोटं बधिर होत होती. शिंगाचं बूच दातांनी काढलं. शिंगातून थेट नळीत ओतायचं नसतं. आत निखारा राहिला असला तर शिंगच फुटतं. म्हणून पट्ट्याला बांधलेल्या मापात आधी दारू, बूच परत, मग मापातून नळीत. पिशवीतून चरबी लावलेली चिंधी, तिच्यावर गोळी. ठासायचा गज खाली. डाव्या हाताला सगळं सापडत होतं. न बघता, न शोधता, जसं अंधारात स्वतःचं नाक सापडतं. उजव्या काखेत शिंग असतं तर ती इथे पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेत राहिली असती.

कानाजवळच्या वाटीत रंजक, पेटवायची बारीक दारू. झाकण.

घोडा मागे.

"मी इशारा दिलेला नाही!" हॉबर्ट ओरडला.

"पहिल्या जागेला इशारा लागत नाही," लॉन्झो म्हणाला. हळू म्हणाला, पण ओढ्याकाठी हळू बोललेलं दूर जातं.

पाय थरथरत होते. पायांना थरथरू दिलं. गाल दस्त्याला लावला.

*

धूर पाण्यावर पसरला. ठिणग्या डावीकडे उडून चुर्र चुर्र विझल्या.

फळीवरचा कागद होता तिथेच होता, पण त्याचा खालचा कोपरा नव्हता.

*

आता.

आता हॉबर्टची पाळी. तो दुसरा ठरला होता, आणि सगळ्या खोऱ्याला ते दिसत होतं. त्याने बार काढला तर तो तिच्यानंतर आला. नाही काढला तर नेमबाजी थांबली. बैल फांदीला, माणसं उपाशी, आणि उद्या चर्चच्या पायरीवर विषय एकच.

हॉबर्ट बंदुकीला हात लावेना.

ऑर्लेना बाहेर येईना.

"ऑर्लेना, बार झाला ना तुझा? ये की बाहेर," लॉन्झो म्हणाला.

"रांग पूर्ण झाल्याशिवाय कोणी जागा सोडत नाही." दात वाजत होते, त्यामुळे वाक्य तुकड्यातुकड्याने आलं. "सोडली की जागा मोडली. काकांनाच विचार."

हॉबर्टने पाण्याकडे पाहिलं. तिच्या घागऱ्याभोवती पिवळी पानं जमली होती. त्याने जावयाकडे पाहिलं. जावई आता शेकोटीजवळ होता. त्याने महालाकडे पाहायचं टाळलं, पण महालाला कोणी टाळू शकत नाही.

"हॉबर्ट," ती म्हणाली, "प्लेझची पोरगी पाण्यात मेली तर तिच्या मयताचं जेवण मी वाढणार नाही. आणि तुझंही नाही."

"तिला मी घातलं का पाण्यात?"

"मग काय मी घातलं?"

"तिची ती गेली!"

"तिची ती गेलीच. म्हणून तर बोलतेय."

ऑर्लेनाला गुडघ्याखाली काही आहे की नाही ते कळेनासं झालं होतं. तिने ठरवलं की उभं राहायला पाय लागतातच असं नाही. हट्टावर जमतं.

मग हॉबर्टने बंदूक उचलली.

त्याने भरायला फार वेळ घेतला. बहुतेक मुद्दाम. तिनेही मान वळवली नाही, समोर फळ्यांकडे बघत राहिली, पहिल्या जागेवरचा नेमबाज जसा बघत राहतो तशी. गज वर, गज खाली. झाकण पडल्याचा आवाज. आणि मग अक्रोडाच्या पलीकडून

बार.

त्यानंतर तिसरा, म्हणजे आधीचा दुसरा. मग लॉन्झो. मग एकामागून एक, शेवटपर्यंत.

*

चार फऱ्यांपैकी एकही तिला मिळाली नाही. हॉबर्टने पहिली घेतली, कागदाच्या अगदी मधोमध मारून. रागाने त्याचा हात कधी हलत नाही. तिला पाचवा हिस्सा आला, कातडं आणि चरबी. लॉन्झोने तिला काखेत धरून काठावर ओढलं, महालाने शेकोटीपाशी बसवून बूट उपसले आणि काकवी घातलेली गरम कॉफी हातात कोंबली.

हॉबर्ट समोर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी काय?"

"पाणी जास्त असतं कधीकधी. मोठा पाऊस झाला तर छातीला लागतं तिथे."

"मग काठापासून आत एक फळी टाका. दोन ओंडके आणि फळी."

"रांगेची जागा ज्याची तो नीट करतो. मी का टाकू?"

ऑर्लेनाने कॉफीचा घोट घेतला. त्याने काय कबूल केलं ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. सांगायची तिला गरज वाटली नाही.

"टाकीन मीच," ती म्हणाली. "रुंद टाकीन. ओकची."

"ओकची कशाला? कुजेल. काळ्या बाभळीची टाक."

"ओकची टाकणार."

"बाभळीची टाक म्हणतोय ना!"

"माझी जागा आहे काका," ऑर्लेना म्हणाली, आणि ओले मोजे शेकोटीवर धरले.