निरोगी गटातली चूक

माझ्या पीएचडीचा सगळ्या घराच्या डोक्याला ताप झाला होता. अल्झायमर झालेल्यांचे मेंदूचे स्कॅन दवाखान्यातून मिळत. घोडं अडायचं ते निरोगी म्हाताऱ्यांपाशी. सगळं छान चाललेलं असताना स्कॅनच्या त्या धडधडत्या नळीत कोण शिरणार? म्हणून आमच्या प्रयोगशाळेत रीतच पडली होती, निरोगी माणसं आपापल्या घरातून आणायची. कुणी काका आणले, कुणी मावशी. मी सासूबाईंना नेलं. नेलं कसलं, त्याच मागे लागल्या. स्मरणशक्तीच्या चाचण्या त्यांनी झोकात पार केल्या आणि वर परीक्षकालाच दोन प्रश्न विचारून आल्या.

पुढे स्कॅनवरची नावं काढून आकडे घालतात, चेहरेही पुसतात. कुणाची ओळख राहू नये म्हणून. मग संगणकाला शिकवायचं, हा आजारी, हा निरोगी. माझा प्रोग्रॅम भराभर शिकला. फक्त निरोगी गटातल्या एका स्कॅनला तो दरवेळी आजारी ठरवायचा. आम्ही त्या स्कॅनला 'जावईबापू' म्हणू लागलो, कारण कितीही मनधरणी करा, रुसवा कायम. शेवटी मी हात टेकले.

"स्कॅन काढताना डोकं हललं असेल," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. "मूळ स्कॅन बघ. खराब असेल तर काढून टाक."

मूळ स्कॅन म्हणजे चेहऱ्यासकट. पडद्यावर एक करडं, बिनकेसांचं डोकं हळूहळू उभं राहिलं, डोळे मिटलेले. स्कॅन अगदी स्वच्छ होता. आणि ते नाक मी रोज जेवताना समोर दोनदा बघते, एक सासूबाईंचं, एक नवऱ्याचं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रोग्रॅम अजून सिद्ध झालेला नाही. त्याच्या भरवशावर कुणाला काही सांगायचं नाही, नियम तुला माहीत आहे." मग जरा चाचरत म्हणाले, "पण पुढे त्यांना खरंच आजार निघाला, तर लक्षणांच्या आधी ओळखला असं होईल. तुझा प्रबंध कुठल्या कुठे जाईल."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण हे त्यांच्या आधी माझ्या मनात येऊन गेलं होतं. वर्षानुवर्षं राबून उभं केलेलं माझं काम साफ चुकावं म्हणून मी आता देवाला विनवत होते.

घरी सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नियम पाळायचा असं ठरवून मी समोर बसले आणि एक टॉवेल ओढला.

"तोंड का पडलंय? मशीन बिघडलं का?"

"चुकतंय अजून, आई. मठ्ठ आहे."

"कुणाच्या बाबतीत चुकतंय?"

मी टॉवेलची घडी मोडून परत घातली.

"अगं, तुझ्यावर उपकार करायला मी त्या नळीत शिरले, असं वाटलं का तुला?" त्यांचा आवाज खाली आला. "त्याआधी एकदा आपल्याच चौकात उभी होते आणि घर कुठल्या अंगाला, तेच सुचेना. कुणाला बोलले नाही. म्हटलं, सुनेच्या मशीनला दाखवावं. तू एवढे दिवस काही बोलली नाहीस, तेव्हा सगळं ठीक आहे असं धरून चालले. निवांत झोपत होते गं."

मला नियम आठवत होता. तोंडून निघालं, "आई, उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ."

मी एवढंच म्हणाले, पण त्यांना ते पुरलं. हातातला लेकाचा शर्ट त्यांनी बाजूला ठेवला.

"त्याला मी सांगेन. तू आधी मला सगळं नीट सांग. अजून कळतंय तोवर."